इक्वेडोरमध्ये बारा दिवस: पक्ष्यांचे फोटो आणि मोजणी, दोन्ही नीट कसं जमवायचं?

तांबट_ठाणे

मंडळी, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही दोघं इक्वेडोरला बारा दिवस पक्षी बघायला जातोय. आराखडा असा आहे. कीटोला उतरून एक रात्र, मग अँडीजच्या पश्चिम उतारावर तांदायापा आणि मिंदो मिळून चार रात्री. दुसऱ्याच दिवशी जाता जाता यानाकोचा, मधली एक सकाळ पास दे लास आवेसला. परत वर येऊन अंतिसाना, पापायाक्ता, आणि शेवटी पूर्व उतारावर सान इसिद्रो व सुमाकोला दोन-दोन रात्री. स्थानिक गाइड पूर्ण वेळ बरोबर आहे.

सामान: फुल फ्रेम मिररलेस कॅमेरा, निकॉनची ५०० एफ/५.६ पीएफ लेन्स ॲडॅप्टरवर, एक साधा फ्लॅश, मोनोपॉड आणि ८×४२ च्या दोन दुर्बिणी.

ताम्हिणीत किंवा आंबोलीत सकाळभरात चाळीस-पन्नास जाती झाल्या तरी त्या लक्षात राहतात, कारण सगळी ओळखीची मंडळी. तिथे प्रत्येक नाव नवीन असणार. मग कॅमेरा डोळ्याला लावलेला असताना मोजायचं कधी? फीडरवर (साखरपाण्याच्या टांगलेल्या भांड्यांवर) हमिंगबर्ड सारखे ये-जा करतात, त्यांचा आकडा काय लिहायचा? गाइडला दिसलेला पण आपल्याला न दिसलेला पक्षी धरायचा का? नुसता ऐकलेला? आणि ही लेन्स पुरेल, की झूम भाड्याने घ्यावी? अनुभवी लोकांनी सविस्तर सांगावं.

शिंजीर

मोजणीचं मी लिहिते, फोटोंचं इतर सांगतीलच.

यादी जागेवरच व्हायला हवी. फोटो रात्री बघता येतात, यादी रात्री करता येत नाही. फोटोंवरून यादी करायला बसलं की ज्यांचा फोटो निघाला तेवढेच पक्षी उरतात, आणि फोटो मुख्यतः फीडरवरच्यांचे निघतात. झाडांच्या शेंड्यावरून गेलेला मिश्र थवा, दरीतून आलेला आवाज, डोक्यावरून उडत गेलेले पोपट, सगळे गळतात. तुम्ही दोघं आहात ही मोठी सोय आहे: एकाकडे कॅमेरा, दुसऱ्याकडे यादी, आणि दर तासाने अदलाबदल. दोघांनी एकदम कॅमेरे उचलले की मोजणी तिथेच संपली समजा.

ईबर्ड (पक्ष्यांच्या याद्या नोंदवायचं ॲप) आणि मर्लिन (आवाज-फोटोवरून ओळख सुचवणारं), दोन्ही ॲपचे इक्वेडोर पॅक घरच्या वायफायवरच उतरवून घ्या. तिथल्या लॉजवर नेट असलं तरी पायवाटेवर नसतं. फोन बराच वेळ फ्लाइट मोडवर राहणार असेल तर वेळेचा पट्टा हाताने लावा: शहर ग्वायाकिल. इक्वेडोर आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे. फोन भारतीय वेळेवरच राहिला तर पहाटेची यादी संध्याकाळची म्हणून नोंदली जाते, आणि निशाचर पक्षी भर दुपारी दिसल्यासारखे होतात.

लॉजवरच्या अख्ख्या दिवसाची एकच यादी करू नका. पास दे लास आवेसची सकाळ घ्या: पहाटे कॉक-ऑफ-द-रॉक या पक्ष्याच्या नरांची नाचाची जागा, मग अँटपिटांच्या (जमिनीवर वावरणाऱ्या, लाजाळू पक्ष्यांच्या) पायवाटा, मग फीडर. या तीन वेगळ्या याद्या आहेत, कारण जागा, वेळ आणि पक्षी बघण्याची पद्धत तिन्ही बदलतात. चालत किंवा गाडीने फिरताना एक यादी ८ किलोमीटरच्या आत ठेवा. पापायाक्ताच्या रस्त्यावर हे विशेष पाळा, कारण तिथे दहा किलोमीटरमध्ये उंची इतकी बदलते की यादीच्या सुरुवातीचे आणि शेवटचे पक्षी एकाच अधिवासातले राहत नाहीत.

फीडरचा आकडा: आलेल्या प्रत्येक पक्ष्याची बेरीज करायची नाही. तोच पक्षी तासाभरात तीस वेळा येतो. एका जातीचे एकाच क्षणी जास्तीत जास्त किती दिसले, तो आकडा लिहायचा. नर-मादी वेगळे ओळखू येत असतील तर दोन्हींचे कमाल आकडे मिळवता येतात. उदाहरणार्थ, वायलेट-टेल्ड सिल्फ या हमिंगबर्डचे तीन नर एका वेळी दिसले आणि दुसऱ्या एखाद्या क्षणी दोन माद्या एकत्र दिसल्या, तर नोंद पाच. दर दहा मिनिटांनी कॅमेरा खाली ठेवून सगळ्या फीडरवरून एकदा नजर फिरवा आणि आकडा वाढला असेल तरच बदला. आकडा लिहिणं शक्य असताना 'एक्स' (म्हणजे दिसला, पण मोजला नाही) टाकू नका. अंदाजाने 'बारा' लिहिलेलंही 'एक्स'पेक्षा उपयोगी असतं.

मिश्र थवा आला की टायपिंग बंद. फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि बोलत राहा: 'ब्लू-विंग्ड माउंटन टॅनेजर चार, बेरील-स्पँगल्ड टॅनेजर दोन, वर एक वुडक्रीपर, ओळख नाही.' थवा पाच मिनिटांत निघून जातो, मग शांतपणे ऐकून यादीत घाला. ओळख न पटलेला पक्षी 'वुडक्रीपर, जात अनिश्चित' असा गटाच्या नावाने लिहा. जातींच्या एकूण आकड्यात तो धरला जात नाही, पण यादी प्रामाणिक राहते.

शेवटी ॲप विचारतं की ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले का. अँटपिटाच्या समोर पाऊण तास बसून बाकीच्यांकडे लक्षच दिलं नसेल तर उत्तर 'नाही'. त्यात कमीपणा काही नाही. चुकीचा 'हो' मात्र अभ्यासकांची दिशाभूल करतो, कारण त्या 'हो'वरून ते न लिहिलेले पक्षी तिथे नव्हते असं धरतात.

ऐकलेला पक्षी ईबर्डला पाहिलेल्याइतकाच चालतो, ओळख तुमची पक्की असली म्हणजे झालं. गाइडने नाव सांगितलं आणि तुम्ही पक्षी खरोखर पाहिला किंवा ऐकला, तर धरा. फक्त गाइडलाच दिसला असेल तर तो त्याचा. गाइडने यादी शेअर केली की आपल्या प्रतीतून न दिसलेले पक्षी काढून टाका. हे फार कमी लोक करतात, आणि सहलीचा आकडा फुगतो तो तिथेच.

रानवाट

लेन्सपासून सुरुवात करतो. ५०० पीएफ वजनाला १.४६ किलो, म्हणून दिवसभर हातात धरायला उत्तम. पण तिचं किमान फोकस अंतर ३ मीटर आहे. तांदायापा-मिंदोच्या फीडरवर हमिंगबर्ड दीड-दोन मीटरवर येऊन बसतात, आणि तुम्ही मागे सरकायला गेलात की पाठीला लॉजची भिंत लागते. झूम भाड्याने घ्याच. १००-४०० जातीची कुठलीही चालेल. फक्त जवळचं फोकस अंतर दीड मीटरच्या आत आहे का ते बघून घ्या. १५०-६०० किंवा २००-६०० सुद्धा छान, पण त्या दोन किलोंच्या आसपास जातात आणि जवळचं अंतर पुन्हा अडीच मीटरच्या घरात. एकच लेन्स न्यायची झाली तर मी १००-४०० नेईन. मेघवनात पक्षी जवळ असतात. ५०० ची गरज खरी लागते ती अंतिसानाच्या मोकळ्या माळावर.

उजेड हाच तिथला मोठा प्रश्न. विषुववृत्तावर सूर्य वर्षभर सहाच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, पण ढगातल्या जंगलाच्या तळाला उजेड पोचायला आठ वाजतात. अँटपिटासाठी एफ/५.६, १/१२५, आयएसओ ३२०० ते ६४०० धरून चला. हा पक्षी दोन-चार उड्या मारतो आणि पुतळ्यासारखा थांबतो, त्या थांब्यावर पाच-सहा फ्रेमचा बर्स्ट घेतला की एखादी तरी स्थिर निघते. गडद पक्षी, गडद जमीन, त्यामुळे कॅमेरा फोटो उजळ करू बघतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७ ठेवा. धुक्याच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर फांदीवर बसलेल्या टॅनेजरला याच्या बरोबर उलटं: अधिक १ ते १.७. हे डायल सतत फिरवावं लागतं, म्हणून ते अंगठ्याखाली येईल असं आधीच लावून घ्या.

कॉक-ऑफ-द-रॉकची नाचाची जागा उजाडण्याआधी सुरू होते. १/६०, आयएसओ ६४०० किंवा १२८००, मोनोपॉड, आणि फ्लॅश अजिबात नाही. पश्चिम उतारावरचा नर रक्तासारखा लाल असतो, पूर्वेकडचा केशरी. त्या लाल रंगाने एक फसगत होते. साधा हिस्टोग्राम ठीक दिसतो आणि लाल चॅनल मात्र फुटलेला असतो, मग पिसांचा पोत जाऊन नुसता लाल डाग उरतो. आरजीबी हिस्टोग्राम चालू करून लाल रेषा उजव्या कडेला चिकटत नाही ना ते बघा. आयएसओ एक स्टॉप खाली आणला की पोत परत येतो.

हमिंगबर्डला नैसर्गिक उजेडात १/२००० ते १/३२०० लागतं, तरी पंखांची टोकं थोडी धूसर येतात. ती तशी छान दिसतात. पंख पूर्ण गोठवायचे तर तीन-चार फ्लॅश, प्रत्येक १/१६ किंवा त्याहून कमी पॉवरवर. तेवढ्या कमी पॉवरला लखलखाट सेकंदाच्या साधारण दहा-हजाराव्या भागाइतका छोटा होतो, आणि पंख गोठवतो तो लखलखाट, शटर नव्हे. म्हणून शटर १/२०० च्या सिंक वेगावर, आणि आजूबाजूचा उजेड तीन-चार स्टॉप खाली दाबलेला हवा, नाहीतर पंखाभोवती दुसरी भुताटकी प्रतिमा उमटते. हाय-स्पीड सिंक लावलं तर सगळंच बिघडतं, कारण त्यात फ्लॅश एकदाच न चमकता भराभर लुकलुकतो. तुमच्या एका फ्लॅशने यातलं काही साधणार नाही. तो घरी ठेवा, ते वजन झूमला द्या.

गळ्याची चमक हा रंगद्रव्याचा रंग नाही, पिसांच्या सूक्ष्म रचनेतून परावर्तित होणारा आहे. पक्षी मान वळवतो आणि पेटलेला गळा काळाठिक्कर होतो. त्याच्या बसायच्या ठरलेल्या काडीच्या समोर, उजेड आपल्या पाठीशी ठेवून थांबा.

कॅमेऱ्याचं घड्याळ विमानातच कीटोच्या वेळेवर आणा. राहून गेलं तर सकाळी ६:३० चा फोटो संध्याकाळी ५:०० चा दिसतो, आणि दुपारी दीडनंतरचे सगळे फोटो दुसऱ्या दिवसाच्या तारखेत जातात. दुरुस्ती अवघड नाही: एक्झिफटूल (फोटोफाइलमधली माहिती बदलणारं सॉफ्टवेअर) वापरून सगळ्या तारखांमधून १०:३० तास वजा करायचे, किंवा लाइटरूममध्ये कॅप्चर टाइम बदलायचा. मात्र हे यादीला फोटो जोडण्याआधी करा. शिंजीर म्हणतात त्या तुकड्या-तुकड्यांच्या याद्या आणि फोटो यांना बांधणारा धागा फक्त वेळ आहे. प्रत्येक नवी यादी सुरू केली की फोनच्या पडद्याचा एक फोटो कॅमेऱ्याने काढा. पडद्यावर जागा आणि वेळ दोन्ही असतात, त्यामुळे घड्याळ दोन मिनिटं चुकलेलं असलं तरी कळतं.

दिवसाला १५०० फ्रेम, प्रत्येकी ३० एमबी धरली तर ४५ जीबी; बारा दिवसांचे ५४० जीबी. एक टीबीच्या दोन एसएसडी, दोन वेगळ्या बॅगांत. बुरशीचं आपल्याला कोकणात राहून माहीतच आहे, तिथेही तसंच: रात्री लेन्स झिपलॉकमध्ये सिलिका जेलसह, आणि ओल्या जॅकेटबरोबर एकाच बॅगेत कधीही नाही.

तांबट_ठाणे

शिंजीर, रानवाट, मनापासून आभार. फ्लॅश काढला, १००-४०० बुक करतो. आता ओळखीचं सांगा. घरी आल्यावर फोटोंवरून जात पक्की करायची तर फोटो काढताना काय टिपायला हवं?

कोतवाल_७२

सगळ्यात आधी उताराची बाजू. अँडीजचा कणा हमिंगबर्डसाठी भिंतीसारखा आहे आणि दोन्ही बाजूंना भावंडं राहतात. पश्चिमेला वायलेट-टेल्ड सिल्फ, पूर्वेला लाँग-टेल्ड सिल्फ. पश्चिमेला गॉर्जेटेड सनएंजल, पूर्वेला टूरमलीन. कोरोनेटमध्ये पश्चिमेचा वेल्व्हेट-पर्पल, पूर्वेचा चेस्टनट-ब्रेस्टेड, आणि बफ-टेल्ड मात्र दोन्हीकडे. रॅकेट-टेलच्या पायांवर पिसांचे गोंडे असतात: पश्चिमेकडचे पांढरे, पूर्वेकडचे तांबूस. पूर्वी ही एकच जात धरायचे, आता दोन वेगळ्या आहेत. तेव्हा तो उडत असताना पायांचा एक तरी स्पष्ट फोटो हवाच. नुसत्या रॅकेटसारख्या शेपटीने भागणार नाही.

हमिंगबर्डच्या माद्यांना सगळे जण वगळतात, आणि घरी येऊन डोकं धरतात ते त्यांच्याच फोटोंवर. मादीचे तीन फोटो लागतात: बाजूने चोचीची लांबी आणि बाक, समोरून गळ्यावरचे ठिपके, आणि शेपूट पसरलेली असताना खालून. शेपटीचा फोटो ती फीडरवरून उठताना किंवा भांडताना मिळतो, तेव्हा बर्स्ट सोडू नका.

माशीमारांच्या टायरंट कुळात, विशेषतः एलेनियांमध्ये, फोटो पुरत नाही. पंखांवरचे पट्टे दोन की तीन, खालची चोच फिकट की गडद, डोळ्याभोवतीचं कडं, हे टिपाच, पण निकाल आवाजावर लागतो. वुडक्रीपरची चोच बाजूने घ्या आणि डोक्यावर ठिपके आहेत की रेषा ते दिसू दे. टॅपाक्युलोचा फोटो मिळण्याची आशाच ठेवू नका. उंदरासारखा करडा जीव, झुडपाच्या बुडाशी. पश्चिम उतारावर त्यांच्या उंचीच्या पायऱ्या आहेत: वर स्पिलमन्स, मध्ये नारिन्यो, खाली चोको. म्हणजे आवाज आणि उंची मिळून जात ठरते. रूफस अँटपिटाचंही तसंच. २०२० च्या अभ्यासानंतर त्या एका नावाखालून डझनाहून अधिक जाती वेगळ्या निघाल्या, त्यांत आवाजाचा वाटा मोठा आहे. कीटोच्या आसपासच्या डोंगरांतला तो इक्वेटोरियल अँटपिटा.

म्हणून प्रत्येक अनोळखी आवाज फोनवर टिपा. मर्लिन डब्ल्यूएव्ही फाइल ठेवतं, ती यादीला जोडता येते. पक्षी बोलत असताना तुम्ही अजिबात बोलू नका. तो थांबल्यावर जागा आणि अंदाजे अंतर बोलून ठेवा. मर्लिनने पडद्यावर दाखवलेलं नाव हा पुरावा नव्हे, इशारा आहे. तिथल्या जंगलात एकमेकांची नक्कल वाटावी इतके सारखे आवाज आहेत. आधी गाइडला विचारा.

आणि एकूण आकडा सांगताना कुठल्या यादीप्रमाणे ते ठरवून घ्या. जुनं छापील पुस्तक आणि ईबर्ड यांत नावं जुळणार नाहीत. २०२५ मध्ये अवीलिस्ट नावाची एकत्रित जागतिक यादी आल्यापासून हा घोळ कमी होतोय. तुम्ही ईबर्डच धरा. तिथे ट्रिप रिपोर्टमध्ये तारखा घातल्या की बारा दिवसांच्या सगळ्या याद्या आपोआप एकत्र येतात.

सातभाई

वरचं सगळं पटलं, पण आराखड्यात एक बदल करा. यानाकोचा सुमारे ३५०० मीटरवर आहे. लांबचा विमानप्रवास, अपुरी झोप आणि दुसऱ्याच सकाळी ३५०० मीटर, हे करू नका. कीटोच मुळात २८५० वर आहे. उतरल्यावर सरळ खाली तांदायापा-मिंदोकडे जा, मिंदो साधारण १२५० वर आहे. यानाकोचा परतताना ठेवा. स्वोर्ड-बिल्ड हमिंगबर्ड तिथल्या फीडरवर येतो, त्यासाठी भल्या पहाटेचीच वेळ हवी असं नाही. पापायाक्ताची खिंड ४००० च्या वर जाते, तिथे पायऱ्या चढल्यासारखं चाला. उंचीवरच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधी विचारा. थंडीत बॅटरी लवकर बसते, जादाच्या आतल्या खिशात ठेवा.

जुलै पश्चिम उताराला कोरडा आणि चांगला. पूर्वेला मात्र ते दिवस धुक्या-पावसाचे असतात, त्यामुळे पापायाक्ताला एकच रात्र कमी वाटते. सुमाकोची एक रात्र काढून तिथे द्यावी असं माझं मत. अंतिसानाला सकाळी नऊच्या आत कॉन्डोरचे फोटो उरका. नंतर माळ तापतो, हवा थरथरते, आणि ५०० मधून काढलेला लांबचा पक्षी पाण्याखाली असल्यासारखा येतो. तो दोष लेन्सचा नसतो, आणि तो नंतर काढताही येत नाही.

पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रातच घ्या. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि जन्मभर चालतं. इक्वेडोरहून परतताना ते आपल्याच विमानतळावर तपासतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकतं. पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा. तिथे वीज १२० व्होल्ट, चपट्या दोन पिनांची. आपले कॅमेरा चार्जर बहुतेक चालतात, पिन बदलणारा अडॅप्टर हवा.

तांबट_ठाणे

आराखडा बदलला: यानाकोचा परतीत, पापायाक्ताला दोन रात्री. शेवटचं एक. ईबर्डने एखादी नोंद दुर्मीळ म्हणून अडवली तर काय लिहायचं?

शिंजीर

'गाइडने ओळखला' एवढं लिहून भागत नाही. काय दिसलं ते लिहा: आकार कशाएवढा, चोच, पंखावरचे पट्टे, शेपूट, किती अंतरावरून, किती वेळ, उजेड कसा, आणि सारखी दिसणारी दुसरी जात का नाही. हे त्याच ठिकाणी चार ओळींत फोनवर लिहून टाका. फोटो असेल तर कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याचा फोनने काढलेला फोटोही तात्पुरता चालतो, मूळ फाइल घरी आल्यावर जोडा. जोडताना वॉटरमार्क नको, क्रॉप फार घट्ट नको, आणि तारीख-वेळेची माहिती फाइलमधून पुसली जाऊ देऊ नका. धूसर फोटोही जोडा. पांढरे गोंडे दिसत असतील तर धूसर रॅकेट-टेल हा उत्तम पुरावा आहे. परीक्षकाने प्रश्न विचारला तर उत्तर द्या, आणि ओळख चुकली असेल तर नोंद बदला. तुमचा ट्रिप रिपोर्ट आपोआप नवा आकडा धरतो.